ठाणे-नवी मुंबईत राहून कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायचंय? सुरुवातीची वर्षं कशी मांडायची

पियानोची ग्रेड ८, म्हणजे परीक्षांमधली शेवटची ग्रेड, झाली, डिस्टिंक्शन मिळालं, नातेवाईकांच्या ग्रुपवर सर्टिफिकेटचा फोटो गेला, आणि मग पुढे काय करायचं ते घरात कुणालाच माहीत नसतं. क्लासचे सर म्हणतात डिप्लोमा कर, बाबा म्हणतात आधी बारावी होऊ दे, आणि यूट्यूब उघडावं तर तिथे अठरा वर्षांची पोरं ऑर्केस्ट्राबरोबर रॅखमनिनॉव्ह वाजवतायत. हा लेख त्या मधल्या काळासाठी आहे, साधारण १६ ते २३ वयासाठी. मी ठाण्यात पियानो शिकवते आणि व्हायोलिनवाल्यांना, गाणाऱ्यांना साथ करते, त्यामुळे जे सांगतेय ते इथले फ्लॅट, इथली दमट हवा आणि इथली लोकल धरूनच.

एक ठाम मत आधीच सांगून टाकते. या वयातलं खरं भांडवल म्हणजे झोपेतून उठवून बसवलं तरी वाजवता येईल असा तासाभराचा एक प्रोग्राम, आणि तो अनोळखी पियानोवर, अनोळखी लोकांपुढे पुन्हा पुन्हा वाजवलेला असणं. स्पर्धा, ऑडिशन, स्कॉलरशिप, वेबसाइट सगळं त्याच्या मागून.

१. आपण नक्की कुठे आहोत ते बघा

ग्रेड ८ मध्ये तीन-चार पीस असतात, सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटं. रिसाइटल, म्हणजे एकट्याने वाजवायचा कार्यक्रम, तासाभराचं. हे अंतर नुसतं बोटांचं नाहीये, दम टिकवण्याचं पण आहे, चाळीसाव्या मिनिटाला डोकं जागेवर आहे का त्याचं आहे. म्हणून ग्रेड ८ नंतर लगेच मोठा डिप्लोमा धरायच्या ऐवजी एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाचा एआरएसएम किंवा ट्रिनिटी या दुसऱ्या मंडळाचा एटीसीएल हा छोटा डिप्लोमा घ्या, अर्ध्या-पाऊण तासाचा सलग प्रोग्राम वाजवावा लागतो आणि तेच आपल्याला हवंय. सर्टिफिकेट हा बोनस. परदेशातल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीताच्या कॉलेजात, हे डिप्लोमे दाखवून कुणी प्रवेश देत नाही, तिथे तुमचं वाजवणं ऐकतात आणि ठरवतात.

२. पियानो, पावसाळा आणि शेजारी

यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्याकडे निम्मे प्रॉब्लेम इथेच असतात.

डिजिटलवर सहावी-सातवी ग्रेड निघते, वेटेड कीज असतील तर आठवी पण निघते, पण त्यापुढे खरा पियानो लागतोच. आवाजाच्या छटा, अर्धा पेडल, अगदी हळू वाजवताना स्वर न लागण्याची भीती, हे सगळं लाकूड-फेल्ट-तारेवरच शिकता येतं. बहुतेक घरांत अपराइट येतो, जपानी सेकंडहँड पुष्कळ मिळतात. १२१ सेंटीमीटर उंचीचा अपराइट दोनशे-सव्वादोनशे किलो भरतो, तेव्हा पैसे देण्याआधी लिफ्टचं दार, आतली खोली आणि जिन्याचं वळण टेपने मोजा, आणि पियानो उचलायची सवय असलेलीच माणसं बोलवा, कपाट हलवणारे बोलावलेत तर पाय मोडतो. पियानोचा, आणि कधीकधी त्यांचा.

आता हवा. पियानोला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडे जुलैत ती ८०-९० वर असते आणि खाडीजवळच्या बिल्डिंगांमध्ये तर विचारूच नका. लाकूड फुगतं, साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगला की स्वर वर चढतात, कीज अडकायला लागतात, तारांना गंज धरतो, फेल्टला कसर लागते. बाहेरच्या भिंतीला, बाथरूमच्या भिंतीला आणि खिडकीखाली पियानो ठेवू नका. काहीशे रुपयांचं हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, आणून पियानोजवळ ठेवा, पावसाळ्यात डीह्युमिडिफायर लावा. आणि एसीचं एक लक्षात घ्या, रोज दोन तास लावून बावीस तास बंद ठेवला तर हवा सतत वरखाली होते, त्यापेक्षा एकसारखी थोडी दमट हवा बरी. ट्यूनिंग वर्षातून दोनदा तरी, एक पावसाळा पूर्ण संपल्यावर म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एक मार्चच्या आसपास. चांगले ट्यूनर मोजके आहेत आणि नाताळाच्या आधी सगळ्यांनाच हवे असतात, तेव्हा तारीख आधीच धरून ठेवा.

शेजाऱ्यांचं काय? नियमाने रात्री १० ते सकाळी ६ शांतता, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण सोसायटीत नियमापेक्षा दुपारी दोन ते चार खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप महत्त्वाची. पियानो यायच्या आधीच वर-खाली-बाजूला जाऊन सांगून या, वेळ ठरवून घ्या, पियानोच्या पायांखाली जाड रबर किंवा गालिचा घाला. अपराइटचा मधला पेडल दाबला की हॅमर आणि तारांमध्ये फेल्ट येतो, पाठांतराच्या कामाला तो चालतो, पण रोज तेवढ्यावरच प्रॅक्टिस केली तर कान आणि बोटं दोन्ही आळशी होतात.

घरी अपराइट आणि स्टेजवर ग्रँड, हा झटका जवळजवळ प्रत्येकाला बसतो. ग्रँडमध्ये एरार्डने १८२१ मध्ये काढलेली डबल एस्केपमेंटची यंत्रणा असते, त्यामुळे की पूर्ण वर यायच्या आत तोच स्वर पुन्हा वाजतो, अपराइटमध्ये ती जवळपास पूर्ण वर यावी लागते. म्हणजे रिपीट झालेले स्वर, ट्रिल, हे ग्रँडवर वेगळेच लागतात. डावा पेडलही वेगळा, अपराइटमध्ये तो हॅमर जवळ आणतो, ग्रँडमध्ये अख्खा कीबोर्ड बाजूला सरकतो आणि आवाजाचा रंग बदलतो. म्हणून कुठल्याही कार्यक्रमाआधीच्या दोन-तीन आठवड्यांत ग्रँडवर काही तास मिळवा, भाड्याने, एखाद्या शाळेला विचारून, चर्चला विचारून, कसेही. सकाळची वेळ मागितली की लोक सहसा हो म्हणतात.

३. गुरू आणि प्रवास

स्वतः स्टेजवर वाजवलेला किंवा वाजवणारा शिक्षक हवा. असा माणूस दक्षिण मुंबईत, वांद्र्यात किंवा ऑनलाइन मिळतो, ठाण्यात-वाशीत मिळाला तर नशीब. ठाण्याहून सीएसएमटी फास्टने तासभर, पुढे बस-टॅक्सी, आणि परत, म्हणजे अख्खी दुपार गेली. दर आठवड्याला जाण्यापेक्षा पंधरा दिवसांनी दीड-दोन तासांचा मोठा धडा घ्या आणि मधल्या आठवड्यात ऑनलाइन, हे गणित बऱ्याच घरांत जमतं. झूमवर शिकत असाल तर 'ओरिजिनल साउंड' चालू केल्याशिवाय बसू नका, नाहीतर ते सॉफ्टवेअर तुमचा पियानिसिमो, म्हणजे अगदी हळू वाजवलेला भाग, हा गोंगाट समजून कापून टाकतं आणि सर विचारत राहतात की वाजवतोयस ना.

आणि ऐकायला जा, प्रत्यक्ष. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कला केंद्रामध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, परदेशी सोलोइस्ट येतात. मेहली मेहता म्युझिक फाउंडेशनचे उपक्रम असतात, मास्टरक्लास कुठे जाहीर होतायत यावर लक्ष ठेवा, नुसतं बसून ऐकायची परवानगी असते तिथे पण जा. दुसऱ्याला झालेली दुरुस्ती आपल्याला लवकर कळते.

४. एक तासाचा प्रोग्राम बांधणे

हा लेखाचा गाभा आहे. बहुतेक पोरं काय करतात तर या परीक्षेसाठी हे चार पीस, त्या स्पर्धेसाठी ते तीन, परीक्षा झाली की सगळं विसरलं. वर्षाच्या शेवटी हातात वीस पीस अर्धवट आणि वाजवून दाखव म्हटलं की एकही तयार नाही. त्यापेक्षा असा प्रोग्राम घ्या जो ऑडिशनला, डिप्लोमाला, स्पर्धेला थोडाफार फिरवून चालेल. कॉन्झर्व्हेटरींच्या मागण्या बघितल्यात तर त्याच त्या गोष्टी दिसतील: बाखचा प्रील्यूड आणि फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते अशी रचना), एक पूर्ण क्लासिकल सोनाटा (काही भागांची मोठी रचना), एक-दोन एट्यूड (तंत्राचा कस लावणारे छोटे पीस), एक मोठा रोमँटिक पीस, आणि विसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं काहीतरी.

उदाहरण म्हणून बघा: बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर' या संग्रहातला एक प्रील्यूड-फ्यूग, पाच-सहा मिनिटं. बीथोव्हेनचा ओपस ३१ मधला दुसरा सोनाटा, तेवीस-चोवीस. शोपाँचा ओपस १० किंवा २५ मधला एक एट्यूड आणि जी मायनर बॅलाड, मिळून बारा. शेवटी डेब्युसीचं 'एस्टाम्प', १९०३ चं, साधारण चौदा मिनिटं, त्यातला पहिला तुकडा 'पॅगोड' गामेलान या इंडोनेशियातल्या वाद्यवृंदाच्या असराखाली लिहिलेला आहे आणि आपल्याकडच्या हिंदुस्थानी ऐकणाऱ्या श्रोत्यांना तो पटकन भिडतो असा माझा अनुभव. झाले पंचावन्न मिनिटं. हाताला मोठे पंजे लागतात असलं काही नाही, पण सोपंही नाही, आठ-नऊ महिने धरा.

विसाव्या शतकासाठी वनराज भाटियांचंही बघा. १९२७ ते २०२१ हा त्यांचा काळ, लोक त्यांना सिनेमा-सिरियलच्या संगीतावरून ओळखतात, पण लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजेंकडे शिकलेला हा मुंबईचा संगीतकार पियानोसाठीही लिहून गेलाय. परदेशात वाजवलंत तर लोक येऊन विचारतात हे कोणाचं.

नोट्स कुठून आणायच्या? आयएमएसएलपी या वेबसाइटवर जुन्या आवृत्त्या फुकट असतात, चाळायला उत्तम, पण बाख-बीथोव्हेनसाठी हेन्ले किंवा बेरेनरायटर या प्रकाशकांची उर्टेक्स्ट, म्हणजे संगीतकाराच्या मूळ लिखाणाला धरून छापलेली आवृत्ती, विकत घ्या, जुन्या आवृत्त्यांमध्ये संपादकांनी स्वतःच्या मनाने स्लर आणि पेडल घातलेले असतात. भारतात कॉपीराइट संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे १९४३ ला गेलेला रॅखमनिनॉव्ह मोकळा, १९५३ चा प्रोकोफिएव्ह मोकळा, १९७५ ला गेलेला शोस्टाकोविच अजून नाही. भाटियांचं तर अजून कितीतरी वर्षं विचारूनच.

पाठांतर. लिस्ट आणि क्लारा शुमान यांच्यामुळे पाठ वाजवायची पद्धत रूढ झाली, आपण आज तेच भोगतोय. नुसत्या बोटांच्या सवयीवर पाठ केलेलं स्टेजवर सगळ्यात आधी दगा देतं. प्रत्येक पीसचे दहा-पंधरा मुक्काम ठरवा, त्यांना नंबर द्या, आणि घरच्या कुणालाही नंबर ओरडायला सांगा, सात म्हटलं की सातव्यापासून सुरू. डावा हात एकटा पाठ हवा, हे टाळू नका. फ्यूगमध्ये मधला आवाज गाऊन वरचा-खालचा वाजवता आला तर तो फ्यूग तुमचा झाला.

५. लोकांसमोर वाजवा, घरापासून सुरुवात करा

ठाण्यात गाण्याच्या घरगुती बैठकांची सवय जुनी आहे, महापालिकेच्या पं. राम मराठे महोत्सवाला येणारा श्रोता इथे आहे, तो कान देऊन ऐकतो. त्याला पियानोकडे आणायचा रस्ता म्हणजे हीच बैठक. पंचवीस माणसं, चाळीस मिनिटं, रविवारी सकाळी अकरा, नंतर चहा आणि वडे. संध्याकाळ ठेवलीत तर मॅच असते, लग्न असतं, आणि गणपती-नवरात्राच्या दिवसांत तर नावच काढू नका, ढोलपथकाच्या सरावापुढे शोपाँचं काही चालत नाही.

आधी काय करायचं: फॅनचा आवाज किती येतो ते बघा, बेल काढून ठेवा, मिक्सर-कुकर नाही हे आईला प्रेमाने सांगा, फोन एका टोपलीत. प्रत्येक पीसआधी मराठीत दोन-तीन वाक्यं बोला, जास्त नाही. सोनाट्याचे तीन भाग आहेत आणि मध्ये टाळ्या नकोत हे हसत सांगितलं की झालं, आणि तरी कुणी वाजवल्याच तर मान डोलवा आणि पुढे चला. आपल्याकडचे काका चांगली जागा आली की चालू पीसमध्येच 'वाह' म्हणतात. मला ते आवडतं. पण पहिल्यांदा दचकायला होतं, तेव्हा सवय करून घ्या.

हाच प्रोग्राम मग दुसऱ्याच्या घरी, मग शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघात. मोठ्या हॉलला जायच्या आधी असे सात-आठ प्रयोग व्हायलाच हवेत. नाटकवाले पण नवीन नाटक आधी लहान ठिकाणी करून बघतात.

हॉल ठरला की पहिला प्रश्न पियानो आहे का, दुसरा तो शेवटचा ट्यून कधी झाला. गडकरी रंगायतन, काशिनाथ घाणेकर किंवा वाशीचं विष्णुदास भावे ही नाटकाची थिएटरं, तिथे कार्यक्रम करायचा तर पियानो भाड्याने आणायचं बजेट धरा. कोटेशन लेखी घ्या, त्यात वाहतूक, हमाल, स्टेजवर चढवणं आणि स्टेजवर ठेवल्यानंतरचं ट्यूनिंग हे सगळं आहे ना ते वाचा, ट्यूनिंग गोडाऊनमध्ये करून आणलेला पियानो कामाचा नाही. त्या दिवशी दोन तास आधी पोचा. आधी बाकाची उंची, मग पेडल किचकिचतो का, मग सगळ्यात हळू वाजणारी जागा, मग सगळ्यात जोरात वाजणारी. अख्खा प्रोग्राम तिथे वाजवत बसू नका.

६. रेकॉर्डिंग

आता बहुतेक ठिकाणी पहिली फेरी व्हिडिओवर असते. एका पीसमध्ये कट नाही, हात-चेहरा-पेडल एकाच फ्रेममध्ये, कॅमेरा तुमच्या उजव्या बाजूला. चित्र फोनचं चालतं, आवाज मात्र वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या, फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि तुमचं सगळं डायनॅमिक्स सपाट होतं. घोडबंदर रोडच्या बाजूला राहत असाल तर सकाळी साडेसहाला सुरू करा, आठनंतर हॉर्न येतात. एका दिवशी तीन टेक, फार तर चार. पाचव्यापासून माणूस चुका टाळायला वाजवतो आणि ते ऐकू येतं.

७. स्पर्धा

वॉर्सातली शोपाँ स्पर्धा १९२७ पासून, दर पाच वर्षांनी. अमेरिकेतली क्लायबर्न १९६२ पासून, साधारण चार वर्षांनी, २०२२ ला युनचान लिम अठराव्या वर्षी ती जिंकला. इंग्लंडमधली लीड्स १९६३ पासून. ही नावं माहीत हवीत, त्यांचं लाइव्ह स्ट्रीमिंग बघायला हवं, आणि आज तरी फॉर्म भरायची घाई नको. सुरुवातीला अशी स्पर्धा शोधा जिच्या मागण्या तुमच्या तयार प्रोग्रामशी जुळतात, ज्यूरीची नावं आधी जाहीर असतात, आणि बाहेर पडलेल्यांनाही ज्यूरीशी बोलायला मिळतं. ज्या ऑनलाइन स्पर्धांत फी भरली की चाळीस जणांना 'फर्स्ट प्राइझ' मिळतं त्यांच्यावर एक रुपया घालवू नका, बायोडेटात ती नावं दिसली की जाणकार माणूस तिथेच वाचणं थांबवतो.

८. बाहेर शिकायला जायचं असेल तर

कॅलेंडर आधी मांडा कारण आपली बारावी मध्ये येते. इंग्लंडच्या कॉन्झर्व्हेटरींचे अर्ज यूकास कॉन्झर्व्हेटरीज या अर्जांच्या वेबसाइटवर, मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे कोर्स सुरू व्हायच्या जवळजवळ वर्षभर आधी. अमेरिकेत व्हिडिओ साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला मागतात आणि प्रत्यक्ष ऑडिशन फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमकी बोर्डाची परीक्षा तेव्हाच. बरेच जण बारावीनंतर एक वर्ष फक्त पियानोसाठी घेतात आणि मला तरी तेच शहाणपणाचं वाटतं. दुसरा मार्ग म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी, कॉलेजच्या हजेरीतून सुटका.

पैशांचं: फिलाडेल्फियाच्या कर्टिसमध्ये १९२८ पासून कुणाकडूनच ट्यूशन फी घेत नाहीत, पण जागा मूठभर. जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत ट्यूशन नाही, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो, आणि राहण्याचा खर्च बँकेत आधी दाखवावा लागतो. जर्मन भाषा एका वर्षात येत नाही, आजपासून सुरू करा. पदव्युत्तरसाठी १८९२ पासून चालू असलेलं जे. एन. टाटा एंडाउमेंट कर्जरूपाने स्कॉलरशिप देतं. आणि कॉलेजपेक्षा प्रोफेसर निवडा, चार ओळींचा मेल, दोन व्हिडिओ लिंक, ट्रायल लेसन द्याल का एवढं विचारा. उत्तरं येतात, सगळ्यांची नाही.

९. हात

रोज चार-पाच तास वाजवणार असाल तर पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचे तुकडे करा, मध्ये उठा. दुखणं आलं की त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशीही गेलं नाही तर फिजिओकडे जा, घरचं तेल-मालिश करून पुन्हा बसू नका. अमेरिकन पियानिस्ट लिऑन फ्लायशरचा उजवा हात १९६० च्या दशकात डिस्टोनियाने, म्हणजे बोटं आपोआप आकसण्याच्या आजाराने, गेला आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांना डाव्या हातासाठी लिहिलेलंच वाजवावं लागलं. आणि हो, गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने कडीला लटकून दुसऱ्यात नोट्सची जड बॅग घेऊन धड्याला जाऊ नका, पोचल्यावर अर्धा तास हात हातात नसतो.

१०. पैसे

सोलो वाजवून सुरुवातीला घर चालत नाही, हे आई-बाबांना आधीच सांगा म्हणजे दर महिन्याला तोच विषय निघणार नाही. सगळ्यात चांगलं काम म्हणजे साथ. व्हायोलिन, बासरी, गाण्याच्या परीक्षांना पियानोची साथ लागते, परीक्षेच्या सीझनमध्ये साथीदार मिळत नाहीत, साइट-रीडिंग, म्हणजे आधी न बघितलेल्या नोट्स थेट वाजवणं, सुधारतं आणि दुसऱ्याबरोबर श्वास घ्यायला शिकता. शिकवणी घ्या, पण स्वतःच्या प्रॅक्टिसचे सकाळचे तास विकू नका. डिसेंबरमध्ये चर्च, क्वायर, हॉटेलची लॉबी, सगळं चालतं, लॉबीत वाजवल्याने कुणी लहान होत नाही.

दर आधी सांगा, रिहर्सल किती त्यात ते सांगा, कार्यक्रम रद्द झाला तर किती द्यायचे ते सांगा, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. मोठ्या संस्थेने टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरून परत मागा, जीएसटीची चिंता वर्षाला २० लाखांच्या आत नाही. बायो दीडशे शब्दांचा, कुणाकडे शिकलात, काय वाजवलंत, कुठे वाजवलंत, 'वयाच्या चौथ्या वर्षापासून' वगैरे नको. न्यूयॉर्कची यंग कॉन्सर्ट आर्टिस्ट्स १९६१ पासून आणि लंडनची वायकॅट १९८४ पासून ऑडिशन घेऊन तरुण कलाकारांना मॅनेजमेंट देतात, ते जमेपर्यंत मॅनेजर तुम्हीच. तेव्हा मानधन पंधरा दिवसांत आलं नाही तर सोळाव्या दिवशी आठवणीचा मेसेज टाका, सोबत बँक डिटेल्स पुन्हा पाठवा, आणि संकोच वाटत असेल तर ताईला टाकायला सांगा.